हल्ला ओसरल्यानंतरच्या दहा चाली

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू पाठविलेले बुद्धिबळाचे साठ डाव मी गेले तीन आठवडे रोज तीन याप्रमाणे पाहिले, आणि तेही स्क्रीनवर बाण दाबत नव्हे, तर समोर लाकडी पट मांडून, एकेक मोहरा हाताने हलवून. स्क्रीनवर तुझे डाव तुझ्याच वेगाने डोळ्यांपुढून सरकतात आणि मग तुझ्या चुकाही तुला वाटल्या तितक्याच साहजिक वाटू लागतात. जागतिक बुद्धिबळ महासंघाचा फिडे मास्टर किताब मिळविलेल्या खेळाडूच्या खेळावर माझ्यासारख्या बिनकिताबी माणसाने शेरे मारणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास आहे, याची मला जाणीव आहे. परंतु इंजिन (डाव तपासणारा संगणकाचा प्रोग्राम) चूक दाखवते, सवय दाखवत नाही, असे तूच लिहिलेस, आणि तुझ्या सवयी माझ्याइतक्या दुसऱ्या कुणी सोसलेल्या नाहीत.

तुझ्या खेळाचे बळ कशात आहे, ते आधी लिहितो, कारण पुढचा सगळा दोष त्या बळातूनच निघालेला आहे. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना काळ्याच्या सिसिलियन बचावाविरुद्ध तू स्मिथ-मोरा गॅम्बिट, म्हणजे प्यादे देऊन हल्ला मिळविणारी सुरुवात, खेळतोस. दुसऱ्या चालीला डी४, तिसऱ्या चालीला सी३ (अक्षर म्हणजे पटावरची उभी रांग, फाईल, आणि आकडा म्हणजे आडवी रांग), आणि काळ्याने प्यादे घेतले की तुझा घोडा सी३वर, उंट सी४वर, वजीर ई२वर, एक हत्ती उघड्या सी फाईलवर आणि दुसरा अर्ध्या उघड्या डी फाईलवर, ही मांडणी तुझ्या बोटांत इतकी मुरलेली आहे की पहिल्या बारा चालींना तुला दहा सेकंदही लागत नाहीत. समोरच्याला मात्र आपला वजीर कोठे सुरक्षित राहील, हे ठरविण्यातच अर्धे मिनिट घालवावे लागते. काळ्या मोहऱ्यांनी तू किंग्ज इंडियन बचाव खेळतोस तेव्हा तुझी एफ आणि जी प्यादी ज्या निर्धास्तपणे पांढऱ्या राजावर चालून जातात, ते पाहताना मला अजूनही हेवा वाटतो. दुहेरी हल्ला, जखडलेला मोहरा, मागच्या रांगेतली मात हे सारे तुला मोजावे लागत नाही, ते तुला दिसते. आपण ज्याला पुढाकार म्हणतो तो एकदा तुझ्या हातात आला की तो काढून घेणे माझ्या पातळीच्या खेळाडूला अशक्य आहे, आणि तुझ्या पातळीच्या खेळाडूलाही ते जड जाते.

मग पराभव कोठे होतात? हरलेले एकवीस डाव मी वेगळे काढले. मला वाटले होते की फसलेले बलिदान, अतिधाडस, उघडा पडलेला आपलाच राजा अशी कारणे सापडतील. तशी ती चारच डावांत सापडली. उरलेल्या बहुतेक डावांत तुझा हल्ला फसलेला नव्हता. तो फक्त संपला होता. समोरच्याने योग्य वेळी प्यादे परत दिले, वजिरांची अदलाबदल झाली, पट बरोबरीचा झाला, आणि त्यानंतरच्या आठ-दहा चालींत तू हळूहळू, कोणतीही ठळक घोडचूक न करता, हरण्याच्या वाटेला लागलास.

मी निळ्या शाईने खूण केलेला डाव आठव. चोविसाव्या चालीला वजीर गेले. दोघांकडे एकेक हत्ती आणि पाच-पाच प्यादी. तुझ्या घड्याळात एक मिनिट चाळीस सेकंद, समोरच्याच्या घड्याळात पन्नास सेकंद. खरे तर येथे थांबून विचार करण्याची चैन तुलाच परवडणारी होती. तू मात्र पुढच्या दहा चाली चौदा सेकंदांत केल्यास, आणि त्यांपैकी चार चाली राजाच्या बाजूची प्यादी पुढे ढकलण्याच्या होत्या, जणू काही त्या प्याद्यांच्या मागे अजूनही वजीर उभा आहे. प्यादे मागे येत नाही, हे तुला मी सांगावे असे नाही. चौतिसाव्या चालीला तुझी दोन प्यादी आधाराविना लोंबकळत होती आणि तुझा हत्ती त्यांच्या मागे रखवालदारासारखा बसला होता. त्याचा हत्ती मोकळा फिरत राहिला. पुढे काय झाले ते तुला ठाऊक आहे.

मोरा नाकारला गेल्यावरही नेमके हेच घडते. काळ्याने तिसऱ्या चालीला घोडा एफ६वर आणला, तू ई५ केलेस, घोडा डी५वर जाऊन बसला, म्हणजे हल्ला सुरू होण्यापूर्वीच संपल्यासारखी स्थिती येते. तेथून पुढचे तुझे डाव कंटाळलेल्या माणसाने खेळल्यासारखे दिसतात. काही जण तुला मोरा सोडून एखादी भारदस्त पद्धत स्वीकारायला सांगतील. मी सांगणार नाही. सुरुवात बदलल्याने फक्त एवढेच होईल की हा कंटाळा दहाव्या चालीऐवजी विसाव्या चालीला येईल.

या साऱ्यात एका डावाने मला चकित केले, आणि हे पत्र खरे तर त्या डावामुळेच इतके लांबले आहे. काळ्या मोहऱ्यांनी ड्रॅगन (सिसिलियनचाच एक प्रकार) खेळताना तू सी३वरच्या घोड्यासाठी हत्ती दिलास. सिसिलियनमधले हे ओळखीचे बलिदान आहे. पांढऱ्याची वजिराच्या बाजूची प्यादी मोडतात आणि त्याच्या राजापुढची भिंत खचते. पण त्या डावात मात कोठेच नव्हती. वजीर लवकरच गेले आणि तू हत्तीच्या बदल्यात घोडा व एक प्यादे एवढ्यावर, म्हणजे काहीशा तोट्यात, चाळीस चाली खेळलास. त्या चाळीस चालींत तुझा खेळ जणू दुसऱ्याच कुणाचा आहे. प्रत्येक चालीआधी थांबलेला, समोरचा हत्ती कोणत्या फाईलवर येऊ पाहतो आहे ते ओळखून ती फाईल आधीच बंद करणारा, राजाला सावकाश मध्यभागी आणणारा. एकसष्टाव्या चालीला त्याने हार मानली. हे तुला जमते, तर मग बरोबरीच्या पटावर का जमत नाही?

माझे उत्तर असे आहे, आणि तुला ते पटले नाही तर निःसंकोच भांड: डोक्यावर कर्ज असले की तू जागा राहतोस. मोहरे कमी असताना समोरचा आपले काय करू शकेल, हा प्रश्न तुला आपोआप पडतो. हिशेब बरोबरीचा झाला किंवा तुझ्या बाजूने झुकला की तो प्रश्न नाहीसा होतो आणि तू पुन्हा आपल्याच बेताच्या मागे धावू लागतोस. तेव्हा तुला नवे कौशल्य शिकायचे नाही. आहे ते कौशल्य तोटा नसतानाही कसे जागे ठेवावे, एवढाच प्रश्न आहे, आणि मला वाटते तो अधिक अवघड आहे.

पुढे जगज्जेता झालेल्या तिग्रान पेट्रोशियनचा १९५३ च्या झ्युरिच कँडिडेट्स (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरविणाऱ्या) स्पर्धेतला रेशेव्हस्कीविरुद्धचा डाव तू नक्की पाहिला असशील; तो पुन्हा पाहा, पण या वेळी बलिदान म्हणून पाहू नकोस. पांढऱ्याची मधली प्यादी पुढे सरकण्याच्या बेतात होती. पंचविसाव्या चालीला पेट्रोशियनने हत्ती ई७वरून ई६वर नेला, जेथे उंट त्याला सरळ घेऊ शकत होता. हेतू एवढाच की ई७ हे घर घोड्यासाठी मोकळे व्हावे आणि घोडा तेथून डी५वर जाऊन प्याद्यांची वाट अडवून बसावा. डाव बरोबरीत सुटला. त्या चालीत हल्ल्याचा लवलेशही नाही. समोरच्याला काय हवे आहे याचे ते उत्तर आहे. तू बलिदाने आवडीने करतोस, म्हणून हा खेळाडू तुला परका वाटण्याचे कारण नाही.

आता हत्तींच्या शेवटाविषयी, म्हणजे पटावर राजे, हत्ती आणि प्यादी एवढेच उरलेल्या टप्प्याविषयी, कारण हरलेल्या एकवीस डावांपैकी नऊ तेथे हरलेले आहेत. दोन डावांत तर फिलिडोरची स्थिती, म्हणजे एक प्यादे कमी असूनही बरोबरी राखता येणारी प्रसिद्ध स्थिती, जशीच्या तशी तुझ्या हातात होती: तुझा राजा ई प्याद्याच्या वाटेत, तुझ्याकडे एकटा हत्ती, त्याच्याकडे हत्ती आणि ते एक प्यादे. हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या रांगेवर ठेवायचा, म्हणजे त्याचा राजा ती रांग ओलांडू शकत नाही. आणि प्यादे त्या रांगेवर आले की लगेच हत्ती पार दूर मागे नेऊन मागून शह देत राहायचे. हे तुला पाठ आहे. तरीही दोन्ही वेळा तू हत्ती घाईने शेवटच्या रांगेत आणून बसविलास, आणि मधल्या प्याद्याविरुद्ध असे निमूट बसणे म्हणजे हार. ही चूक ज्ञानाची नाही. ती दोन सेकंदांत चाल करण्याच्या सवयीची आहे.

उलट बाजूने, तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांका याचा १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेतला टार्टाकोव्हरविरुद्धचा डाव मांड. त्याने हत्तीने प्यादी राखत बसणे नाकारले, आपली दोन प्यादी शहासह जाऊ दिली आणि राजा जी३, एच४, जी५ असा चालवीत एफ६वर नेला. तेथे पोहोचल्यावर शेजारचे काळे प्यादे त्याने लगेच खाल्लेही नाही, कारण तेच त्याच्या राजाला शहांपासून आडोसा देत होते. हे मला अजूनही अद्भुत वाटते. तुझ्या निळ्या खुणेच्या डावात तू हत्तीने प्यादी राखलीस आणि राजा जी१वरून शेवटपर्यंत हलला नाही.

घड्याळाविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुझे साठपैकी एक्कावन्न डाव तीन मिनिटांचे आणि वाढीव सेकंदांविना आहेत. या प्रकारात हरलेला पटही समोरच्याची वेळ संपल्याने जिंकता येतो, आणि तू तसे अकरा डाव जिंकला आहेस. मला ते अकरा विजय तुझ्या एकवीस पराभवांपेक्षा जास्त घातक वाटतात, कारण पराभवानंतर तू डाव पाहतोस, विजयानंतर पाहत नाहीस. लिचेस या संकेतस्थळावरच्या स्पर्धांत बर्सर्कचे बटण दाबून आपली निम्मी वेळ स्वतःहून देऊन टाकण्याची तुझी हौसही त्यातलीच. एका जादा गुणासाठी तू नेमका विचाराचा वेळ विकतोस. माजी जगज्जेता बॉबी फिशरने १९८८ मध्ये ज्या घड्याळाच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याचा हेतूच हा होता की प्रत्येक चालीला थोडी वेळ वाढत जावी आणि चांगला पट केवळ काट्यामुळे हातचा जाऊ नये. तुला इंटरनॅशनल मास्टरचे नॉर्म (त्या किताबासाठी लागणारे ठरावीक दर्जाचे निकाल) हवे आहेत, आणि ते समोरासमोरच्या दीर्घ डावांत मिळवावे लागतात, जेथे बहुधा पहिल्या चालीपासून तीस सेकंदांची वाढ असते. तेथे घड्याळ तुझ्या वतीने लढणार नाही.

म्हणून माझी विनंती आहे की दोन महिने दर आठवड्याला निदान चार डाव पंधरा मिनिटे अधिक दहा सेकंदांचे खेळ. ब्लिट्झ, म्हणजे ते तीन मिनिटांचे डाव, बंद कर असे मी म्हणत नाही. तू करणारही नाहीस. पण दीर्घ डावांत एक नियम पाळ: वजीर पटावरून गेले की माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेव आणि वीस सेकंद फक्त समोरच्याच्या बाजूने पट पाहा. डाव संपल्यावर इंजिन सुरू करण्यापूर्वी, हल्ला कोणत्या चालीला संपला असे तुला वाटते, तो आकडा कागदावर लिही. मग इंजिनशी ताडून पाहा. माझा अंदाज आहे की सुरुवातीला तुझा आकडा पाच-सहा चालींनी उशिराचा निघेल. इंजिन दाखवते ती अचूकतेची टक्केवारी मात्र पाहू नकोस; वजीर फुकट मिळालेल्या डावात ती माझीही नव्वदच्या वर जाते.

माझ्या खेळाविषयी तू विचारले होतेस. तो तुझ्या नेमका उलट आहे: मी समोरच्याचे बेत इतक्या निष्ठेने मोडत बसतो की माझा स्वतःचा बेत करायला वेळ उरत नाही, आणि चांगल्या पटावर माझे घड्याळ संपते. तेव्हा हे पत्र लिहिताना मी फार उंचावर बसलेलो आहे, असे समजू नकोस.

रविवारी रात्री मोकळा असशील तर ऑनलाइन ये. पट रिकामा ठेवून त्यावर फिलिडोरची स्थिती मांडू; हत्ती आणि प्यादे माझ्याकडे, एकटा हत्ती तुझ्याकडे, घड्याळ पंधरा अधिक दहा. प्रीमूव्ह (समोरच्याची चाल होण्याआधीच आपली चाल टाकून ठेवणे) बंद करून बस.

तुझा,
जुना प्रतिस्पर्धी

ता. क. : किंग्ज इंडियनमध्ये सी८वरचा उंट घोड्याच्या बदल्यात देण्याची तुला अलीकडे सवय लागली आहे. सहा डावांत दिलास. एच३वर बलिदान देऊन राजापुढची भिंत फोडायची वेळ येते तेव्हा तोच लागतो, आणि सहाही डावांत तू त्या वेळी त्याला शोधत होतास.