‘हे चालणार नाही’ असे म्हणणारा कोण? सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना सांगलीहून खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेतलेली ‘कला’ आणि शासनाची भूमिका

महोदय,
सप्रेम नमस्कार.

माहिती तंत्रज्ञान आणि सांस्कृतिक कार्य ही दोन्ही खाती आज आपल्याकडे आहेत. म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहितो आहे, कारण यातला विषय एका खात्याने दुसऱ्याकडे टोलवण्याची सोय उरलेली नाही. मी सांगलीत राहतो, हौशी रंगभूमीवर नाटके बसवतो आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या सांगली केंद्रावर उतरतो. यंत्र खरी कला निर्माण करू शकते का, हा प्रश्न सध्या आमच्या तालमीत, चहाच्या टपरीवर, घरी जेवताना सारखा निघतो. त्यावर माझे ठाम मत आहे आणि त्यातला काही भाग थेट आपल्या खात्याच्या कामाशी निगडित आहे.

अलीकडे एका संगीत कार्यक्रमाचे पत्रक हातात आले. कार्यक्रम सार्वजनिक पैशातून होणारा. वर चित्र होते तंबोरा घेऊन बसलेल्या गायिकेचे, यंत्राकडून काढून घेतलेले. तंबोऱ्याला पडदे नसतात, पण याच्या दांडीवर सतारीसारखे पडदे होते. खुंट्या तीन, तारा पाच. ज्या पट्टीवर तारा टेकतात त्या घोडीचा पत्ता नव्हता; तारा थेट भोपळ्यात शिरून नाहीशा झाल्या होत्या. आणि हे छापून आले मिरजेपासून दहा किलोमीटरवर, जिथे या वाद्याच्या घडणीला दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. ज्या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तीच मिरज.

या चुकांवर मी माझे म्हणणे उभे करत नाही. पुढच्या वर्षी यंत्र घोडी बरोबर जागी काढेल, तारा चार काढेल, कदाचित भोपळ्यावरचे नक्षीकामही हुबेहूब काढेल. तेव्हाही माझा आक्षेप तसाच राहील. तो का, हे सांगण्यासाठी मला मिरजेच्या सतारमेकर गल्लीतच जावे लागेल.

हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातून ही कारागिरी एकोणिसाव्या शतकात उभी राहिली. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, लाकूड तुणीचे. सुतारकाम, रंगकाम, नक्षी हे सगळे झाल्यावर तंबोरा दिसायला पूर्ण असतो, पण बोलत नाही. मग जवारीचे, म्हणजे तारेचा गुंजणारा आवाज फुलवण्याचे काम सुरू होते. घोडीचा वरचा पाट कानशीने अगदी किंचित उतरता करायचा, म्हणजे तार त्यावर नुसती टेकत नाही, थरथरताना त्याला घासून जाते. तारेखाली सूत सरकवायचे आणि ते केसभर मागे-पुढे करत राहायचे. एका जागी आवाज बंद, थोडे पुढे गेले की पत्र्यासारखा खणखणाट, आणि मधल्या एका जागी तो फुलतो, एका तारेतून अनेक स्वर झरू लागतात. ती जागा मोजपट्टीवर सापडत नाही. कारागीर तार छेडतो, ऐकतो, मान हलवतो, पुन्हा कानस घेतो. गायक समोर बसला असेल तर त्याची पट्टी काय, त्याला जवारी खुली हवी की थोडी मिटलेली, हेही बघायचे. कानस एक हात जास्त फिरली तर घोडीचा पाट पुन्हा नव्याने घासावा लागतो. गिऱ्हाईक म्हणते, ‘झालं की आता, छान वाजतोय.’ कारागीर म्हणतो, ‘नाही, अजून नाही.’

महोदय, त्या ‘अजून नाही’मध्ये मला कला दिसते. कोणाला तरी ते पटत नाही, आणि पटेपर्यंत तो वाद्य हातातून सोडत नाही.

मिरजेला यंत्राचे भय नवे नाही. १९७९ मध्ये बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला. आज बहुतेक विद्यार्थी त्यावर किंवा मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर रियाज करतात आणि त्याची झळ कारागिरांना बसली आहे. तरीही त्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या पेटीबद्दल माझी तक्रार नाही. ती रियाजाला सोबत करते, एकट्या मुलीला पहाटे षड्ज धरून देते, आणि आपण कलावंत आहोत असा तिचा दावा कोणी केलेला नाही. आजचे यंत्र मात्र चित्रकार, कवी, नाटककार म्हणून पुढे केले जाते. फरक तिथे पडतो.

नाटकाचे उदाहरण देतो, कारण ते मी जवळून पाहिले आहे. आमच्याकडच्या एका तरुणाने एकांकिका आणली. कथेचे बीज त्याचे, संवाद यंत्राकडून लिहून घेतलेले. हे त्याने लपवले नाही, याबद्दल मला त्याचे कौतुकच आहे. वाचन झाले. संहिता वाईट नव्हती. भाषा थोडी पुस्तकी, बोरगावचा शेतकरी पुण्याच्या वक्त्यासारखा बोलत होता, पण प्रसंगांची बांधणी नेटकी होती. तालीम सुरू झाली आणि तिसऱ्या प्रवेशात बापाचे काम करणारा नट थांबला. म्हणाला, ‘पोरगं घर सोडून निघालंय आणि हा बाप गप्प का बसतो? मला कारण कळल्याशिवाय मला बसता येत नाही.’

नाटककार तालमीला हजर असला की अशा वेळी काय होते, हे रंगभूमीवरच्या कोणालाही विचारा. तो चिडतो, किंवा गडबडतो, किंवा एखादी अशी गोष्ट सांगतो की सगळी मंडळी गप्प होतात. कधी म्हणतो, ‘मलाही माहीत नाही, पण तो बोलणार नाही एवढं नक्की. त्याला बोलता केलास तर नाटक मेलं.’ त्या एका मौनासाठी तो दिग्दर्शकाशी भांडतो. आमच्या तरुणाने मोबाइल काढला आणि यंत्राला विचारले. क्षणात सात कारणे आली, सगळी शहाणपणाची. नटाने गंमत म्हणून सांगितले, ‘त्याला सांग, मला वाटतं बापाने ओरडायला पाहिजे.’ यंत्राने तेही लगेच मान्य केले, सूचना उत्तम आहे म्हणाले आणि ओरडणाऱ्या बापाचा प्रवेश लिहून दिला. तोही वाईट नव्हता.

बाप गप्प बसला काय आणि ओरडला काय, त्या संहितेमागे कोणाचेच काही अडत नव्हते. आम्ही सगळे त्या तरुणाकडे बघत होतो. शेवटी त्यानेच संहिता मिटली आणि म्हणाला, ‘मी दोन दिवसांनी येतो.’ दोन दिवसांनी त्याने आणलेला प्रवेश आधीच्यापेक्षा ओबडधोबड होता आणि नट पहिल्याच वाचनात त्या बापाच्या अंगात शिरला.

यावर नेहमीचा प्रतिवाद असा येतो : प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आले की झाले, कोणी लिहिले याच्याशी त्याला काय देणेघेणे? डोळ्यांतले पाणी खरे असते हे मी मान्य करतो. यंत्राने जोडलेल्या ओळींनीही माणूस हलू शकतो, कारण त्या ओळी ज्यांच्या लेखनातून वेचल्या ती माणसे कधीतरी खरोखर हललेली होती. पण वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांना वाचताना ते कोणत्या वस्तीतून आले, कोणाच्या बाजूने उभे राहिले, हे बाजूला काढून वाचता येत नाही. वाचक त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवतो, कारण त्या शब्दाची किंमत त्यांनी मोजलेली असते. यंत्राला कोणत्याच वाक्याची किंमत पडत नाही.

कोणी असे समजू नये की यंत्राला हात लावणारा प्रत्येक जण माझ्या दृष्टीने भोंदू आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडो राज्याच्या जत्रेत जेसन ॲलन यांनी मिडजर्नी या यंत्रप्रणालीकडून करून घेतलेल्या चित्राला डिजिटल कलेच्या गटात पहिले बक्षीस मिळाले आणि जगभर गदारोळ झाला. त्यांनी सांगितले की सहाशेहून अधिक वेळा सूचना बदलत त्यांनी ते चित्र गाठले. त्यांच्या त्या नकारांमध्ये मला कलावंताची धडपड दिसते. तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने मात्र २०२३ मध्ये नोंदणी नाकारली, कारण यंत्राने केलेला भाग दाव्यातून वगळायला ॲलन तयार नव्हते. माणसाचे काम किती आणि यंत्राचे किती, हे सांगा, एवढेच तर विचारले होते.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा संगणकाने तयार केलेल्या कृतीचा कर्ता कोणाला मानतो? जो ती कृती तयार व्हायला कारण झाला त्याला. ही तरतूद १९९४ च्या दुरुस्तीची आहे. तेव्हा संगणकावर काही घडवायचे तर माणसाला घाम गाळावा लागे. आज एक ओळ टंकली की माणूस ‘कारण’ होतो. हा कायदा केंद्राचा आहे, हे मला ठाऊक आहे. पण महाराष्ट्रासारख्या राज्याच्या सांस्कृतिक खात्याने दिल्लीला आपले लेखी मत कळवले तर त्याला वजन असेल. ते अजून गेले नसेल तर पाठवावे.

आवाजाचा प्रश्न याहून जिव्हारी लागणारा आहे. आशा भोसले यांचा जन्म आमच्या सांगलीतला. त्यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करणाऱ्यांविरुद्ध २०२५ मध्ये त्यांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले आणि न्यायालयाने अंतरिम संरक्षण दिले. त्याआधी २०२४ मध्ये अरिजित सिंह यांनाही ते मिळाले होते. मोठ्या कलावंतांना वकील मिळतात. आरेवाडीच्या बनात बिरोबापुढे सुंबरान मांडणारा धनगर, जागरणात रात्रभर उभा राहणारा गोंधळी, फडावरची ढोलकी, यांच्या आवाजाचे काय? कोणीतरी जत्रेत मोबाइलवर त्यांचे गाणे टिपतो, इंटरनेटवर चढवतो, आणि पुढे त्या गळ्याचे काय झाले हे त्या माणसाला कधीच कळत नाही. उद्या एखाद्या जाहिरातीत त्याच्यासारखाच आवाज ऐकू आला तर तो कोणत्या कोर्टाची पायरी चढणार?

आपल्या खात्याकडे आणि खात्याच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थांकडे लोककलावंतांची ध्वनिमुद्रणे आहेत. त्यातले काहीही यंत्राला शिकवण्यासाठी कोणत्याही कंपनीला देण्यापूर्वी त्या कलावंताची किंवा त्याच्या वारसांची लेखी संमती घ्यावी, मोबदला ठरवावा, असा शासन निर्णय हवा. माझ्या सगळ्या मागण्यांमध्ये ही मला सर्वांत तातडीची वाटते, कारण एकदा दिलेले परत घेता येत नाही.

सांगली नव्याला घाबरणारे गाव नाही, हेही सांगितले पाहिजे. १८४३ मध्ये सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीतास्वयंवर’ उभे केले, तेव्हा मराठीत तसे कोणी केलेले नव्हते. सूत्रधार पदे म्हणे आणि पात्रांनी गद्य बोलायचे ते उभ्या उभ्या, आपल्या अकलेने. चुकले तर प्रेक्षकांसमोर चुकायचे. भाव्यांनी दोरीवर नाचणाऱ्या लाकडी बाहुल्याही स्वतः घडवल्या होत्या. पुढे रामदास पाध्ये यांनी त्या बाहुल्यांना पुन्हा जिवंत केले. साधन कोणतेही असो, मागे उभा राहून बोल झेलणारा माणूस असला की आम्हा सांगलीकरांची हरकत नसते.

म्हणून राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रवेश अर्जात एक रकाना वाढवावा, ही विनंती. संहितेत यंत्राची मदत घेतली का, कुठे आणि किती, हे लेखकाने सहीनिशी लिहावे. बंदी मागत नाही. पण लेखनाचे पारितोषिक माणसाने लिहिलेल्या भागालाच मिळावे आणि खोटी माहिती दिल्यास ते काढून घ्यावे. हॉलिवूडच्या लेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप करून जो करार मिळवला, त्यात निर्मात्याने यंत्राचा मजकूर लेखकाच्या हाती दिला तर तसे त्याला सांगणे बंधनकारक झाले. आपल्याकडे त्यासाठी संपाची गरज पडू नये, एक परिपत्रक पुरेल.

शासनाच्या सांस्कृतिक कार्यक्रमांची पत्रके, बोधचिन्हे, फलक जिल्ह्यातल्या चित्रकारांकडूनच करून घ्यावेत. रक्कम फार मोठी नसते. चित्रकला शिकून बाहेर पडलेल्या मुलाला मात्र ती पहिली कमाई असते, आणि तो तंबोरा काढण्यापूर्वी मिरजेला जाऊन बघून येईल. मिरजेत जवारी शिकणाऱ्या तरुणांना दोन-तीन वर्षे विद्यावेतन द्यावे. मानांकनाचे प्रमाणपत्र भिंतीवर लागले, पण कानस हातात धरणारी पुढची पिढी दुसरीकडे नोकऱ्या शोधते आहे, आणि हा कान एकदा तुटला की कुठल्या ध्वनिमुद्रणातून परत जुळवता येणार नाही.

रंगभूमी दिनाला, ५ नोव्हेंबरला, नाट्यक्षेत्रातली मंडळी सांगलीत येतात. आपणही या, आणि एक दुपार मिरजेसाठी राखून ठेवा. स्पर्धेचे अर्ज त्याच्या आधीच निघतात. तेव्हा निदान रकान्याचा आणि ध्वनिमुद्रणांच्या संमतीचा निर्णय अर्ज निघण्यापूर्वी व्हावा आणि तो काय झाला हे आम्हाला लेखी कळवावे.

आपला,
सांगली केंद्रावरचा एक हौशी नाट्यदिग्दर्शक
सांगली