ब्रेकवरचा पाय

नागपूर, 19 जानेवारी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगायला घेतलं असतं तर आईने मध्येच काळजी सुरू केली असती आणि बाबा, तुम्ही "ठीक आहे" म्हणून फोन ठेवला असता. म्हणून पत्र लिहिते आहे. परवा रविवारी मी आपली वॅगनआर घेऊन ऑटोक्रॉस नावाच्या गाड्यांच्या शर्यतीला गेले होते.

शर्यत म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर समृद्धी महामार्ग आणि तिथली 120ची पाटी येणार, मला ठाऊक आहे. हे तसं नसतं. वर्धा रोडला, शहराबाहेर, एक मोठं डांबरी मैदान आहे. त्यावर नारिंगी कोन मांडून वळणावळणाची वाट आखलेली होती. एका वेळी एकच गाडी सोडतात. स्पर्धा घड्याळाशी, आणि घड्याळ सेकंदाचा शंभरावा भागही मोजतं. कोनला धक्का लागला की दोन सेकंद वाढतात, वाट चुकली की फेरी बाद. डोक्याला हेल्मेट, अंगावर बेल्ट, आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या पुढे जातच नाही. माझा काटा पन्नासला एकदाच टेकला.

सुरू करण्याआधी गाडीतली एकूण एक सुटी वस्तू बाहेर काढायला लावतात. वळणावर घरंगळून काही पायाखाली आलं तर ब्रेकच दाबता यायचा नाही. आई, तुझी वेलचीची डबी सीटखाली सापडली. मागे एक वाळून टणक झालेलं संत्रं निघालं, दिवाळीत तुम्ही पाठवलेल्या पेटीतलं. डॅशबोर्डवरचा गणपतीही काढावा लागला. हात जोडले, स्वच्छ रुमालात गुंडाळला आणि दिवसभर पर्समध्ये माझ्याजवळच ठेवला.

आधी सगळी वाट पायी फिरायची. मी दोनदा फिरले, तरी पहिल्या फेरीत तिसऱ्याच वळणावर फसले. वेगात शिरले, स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि गाडी सरळच जात राहिली. शिकवणारे दादा शेजारी बसले होते. ते म्हणाले, पुढच्या चाकांकडून एकाच वेळी सगळं मागू नका. ब्रेक सरळ रेषेत आटपा, मग वळा. दुसऱ्या फेरीत तसं केलं. आपण हळू चाललोय असं वाटत होतं, पण वेळ चार सेकंदांनी कमी आली.

मला सांगायचं आहे ते मात्र शेवटच्या चौकटीबद्दल. वाट संपते तिथे चार कोनांच्या आत गाडी पूर्ण थांबवायची असते. डांबरावर बारीक रेती होती. मी जोरात ब्रेक दाबला आणि पायाखाली पेडल खडखडायला लागलं, खालून कुणी भराभर हातोडी मारावी तसं. काहीतरी तुटलं असं वाटून माझा पाय आपोआप उचलला गेला. गाडी चौकटीतून पार निघून गेली, दोन कोन आडवे झाले.

बाबा, मी तिथेच गाडी बंद करून बसून राहिले. मला कळमेश्वरजवळचा तो पाऊस आठवला. वासरू आडवं आलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "ब्रेक थरथरला, पाय काढला, पुन्हा दाबला, पुन्हा थरथरला." गाडी बांधावर गेली, आईचं मनगट मोडलं, आणि महिनाभरात तुम्ही किल्ली माझ्या हातात दिली. "माझ्या पायाचा भरवसा राहिला नाही," एवढंच बोललात.

ती थरथर म्हणजे एबीएस. चाक अडकायला लागलं की ते ब्रेकचा दाब क्षणभर सोडतं आणि पुन्हा लावतं, सेकंदाला कितीतरी वेळा. चाक फिरत राहतं म्हणून स्टिअरिंग ऐकतं. पेडल खडखडतं म्हणजे ब्रेक काम करतो आहे. तेव्हा पाय काढायचा नाही, पूर्ण दाबून धरायचा आणि मोकळ्या जागेकडे वळवायचं. तुम्ही आयुष्यभर मारुती 800 चालवलीत. तिला एबीएस नव्हतं. तिच्यात ब्रेक दाबून धरला की चाकं अडकायची आणि गाडी घसरत जायची, म्हणून दाब-सोड, दाब-सोड करायचं. मलाही तुम्ही तेच शिकवलंत आणि त्या गाडीसाठी ते अगदी बरोबर होतं. नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल 2019पासून. आपली त्यानंतरची आहे. गाडी घेतली तेव्हा हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि मलाही माहीत नव्हतं. तुमचा पाय म्हातारा झालेला नाही, बाबा. तो 800चं शिकलेला आहे.

पुढच्या तिन्ही फेऱ्यांत मी दात आवळून पाय दाबून धरला. तिन्ही वेळा गाडी चौकटीत थांबली.

आई, खर्चाचंही सांगून टाकते. अशा स्पर्धेतलं नुकसान विम्यात धरत नाहीत, हे जाण्याआधीच वाचलं होतं. ओरखडासुद्धा आला नाही, टायरच्या कडा तेवढ्या थोड्या झिजल्या आहेत.

येत्या रविवारी सकाळी मी काटोलला येते. गावाबाहेरच्या मैदानावर तेव्हा कुणी नसतं. कोनांच्या जागी पाण्याच्या रिकाम्या बाटल्या ठेवू. आधी मी तीस-चाळीसवरून ब्रेक दाबून दाखवीन, तुम्ही शेजारी बसा आणि ती खडखड ऐका. मग आपण जागा बदलू. एकदाच दाबून बघा, जमिनीपर्यंत. नाही वाटलं तर किल्ली परत माझ्याकडे, मी पुन्हा विषय काढणार नाही.

आई, तू बांधावर सावलीत बस. गणपती मी अजून डॅशबोर्डवर लावलेला नाही. तो तुझ्याच हाताने लावायचा आहे.

तुमची,
ताई