मुलाखतीत डोळ्यांचं सांगावं का?

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

मुंबईच्या जाहिरात एजन्सीनं कॉपीरायटरच्या जागेसाठी बोलावलंय हे वाचून फार बरं वाटलं. डोळ्यांचं आधीच सांगू की नोकरी लागल्यावर, असं तू विचारलंस. आई म्हणते, आधी ऑर्डर हातात पडू दे. माझं मत उलटं आहे. पहिल्या पाच मिनिटांतच सांगून मोकळी हो.

तुला स्टारगार्ट, म्हणजे डोळ्यांच्या पडद्याचा आजार, आहे हे तुझ्याकडे बघून कुणाला कळत नाही. हातात पांढरी काठी नाही, चालताना तू धडपडत नाहीस. कडेचं दिसतं, पण जिथं बघायचं नेमकं तिथंच पुसट. म्हणून समोरच्याचा चेहरा बघायचा तर तू त्याच्या कानाच्या पलीकडे बघतेस. घरात ते कुणाच्या लक्षातही येत नाही. परक्याला मात्र वाटणार, पोरगी नजर चुकवतेय. त्यापेक्षा खरं कारण कळलेलं बरं.

सांगताना रडगाणं नको आणि शौर्यकथा तर मुळीच नको. कामाचं बोल. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर आणि अक्षरं मोठी करणारा मॅग्निफायर वापरते. ब्रीफ, म्हणजे कामाची माहिती, टाइप करून पाठवा, स्क्रीनशॉट नको. प्रेझेंटेशन आदल्या दिवशी द्या. लेआउट मी माझ्या स्क्रीनवर मोठा करून बघेन. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, तेव्हा कंपनीला खर्चही नाही.

मराठी कामाबद्दल मात्र वेगळं विचारून घे. हा माझ्या धंद्याचा विषय, म्हणून चार ओळी जास्त. छपाईत अजून जुने, युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला संगणकी क्रमांक) नसलेले फॉन्ट चालतात. पडद्यावर ‘गणेशोत्सव’ दिसतो, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. स्क्रीन रीडर पोटातलं वाचतो, त्यामुळे भलतंच बडबडत सुटतो आणि लोकांना वाटतं तुझा कॉम्प्युटर बिघडला. आर्टिस्टकडून मजकूर युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करून माग. मिनिटाचं काम आहे. फक्त रफार आणि जोडाक्षरं एकदा तपासायला सांग, तिथं हमखास माती होते. आणि कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्व्ह केलेली फाइल आली तर त्यात अक्षरं उरतच नाहीत, नुसत्या आकृत्या. ती परत पाठव, बिनधास्त.

पांढऱ्यावर फिक्या राखाडी अक्षरांचं सध्या खूळ आहे. तुला ते वाचता येणार नाही आणि माझ्या वयाच्या गिऱ्हाइकालाही नाही. तिथं ‘मला दिसत नाही’ म्हणू नकोस, आकडा सांग. वेबसाइटच्या सुलभतेच्या निकषांत साध्या मजकुराला किमान 4.5:1 कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, लागतो.

‘सरकारी नोकरीच बघ’ हे आत्याचं मनावर घेऊ नकोस. 2016च्या कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना 4 टक्के आरक्षण आहे, त्यातलं 1 टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांना. ते खरंच आहे, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, जपून ठेव. पण तुला लिहायचंय. ‘मग रेडिओत जा, तिथं डोळे लागत नाहीत’ असंही लोक सांगतील. आवाजाचं काम आवडलं म्हणून गेलीस तर माझी ना नाही. डोळ्यांपायी म्हणून जाऊ नकोस.

अंध लेखक वेद मेहता लहानपणी दादरच्या अंधशाळेत होते. पुढे 1961 ते 1994 अमेरिकेच्या ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात लिहीत राहिले. माणसं, रंग, कपडे असे रंगवायचे की लेखक अंध आहे याचा कित्येकांना पत्ताही लागू नये. लेखक म्हणून थोरच. पण तुझ्यावर तो भार नसावा असं मला वाटतं. न दिसलेला रंग लिहायची सक्ती तुला कुणी केलेली नाही. चहाच्या जाहिरातीत तू गाळणी कपावर आपटल्याचा आवाज लिहिलास, तो मला रंगापेक्षा जास्त पटला. यात दिव्यशक्ती वगैरे काही नाही, तुझं कान देऊन ऐकणं आहे. तेवढ्यावर एजन्सीनं तुला पारखावं.

सांगितल्यावर ‘कळवतो’ म्हणून कटवतीलही. लागू दे वाईट. मुंबईत खोलीचं डिपॉझिट भरून महिन्यानं तेच कळण्यापेक्षा हे स्वस्तात पडेल.

मामा स्टेशनवर येणार आहे, तेव्हा इंडिकेटर वाचत उभी राहू नकोस. पोर्टफोलिओची पीडीएफ रविवारपर्यंत पाठव, प्रूफ मी बघतो. मागच्या वेळी तिसऱ्या पानावर ‘सुरवात’ होतं, ते ‘सुरुवात’ कर.

तुझे,
बाबा