ताई, आईचा चहा आईच करते

ताई,

सप्रेम नमस्कार.

आईच्या स्मृतिभ्रंशासाठी थेरपिस्ट म्हणून तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तेव्हा आई गाऊनमध्ये खुर्चीत बसलेली होती. गॅसवर दुधाचं पातेलं जळून कोळसा झालं, त्या दिवसापासून आम्ही तिला ओट्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. साडीला वेळ लागतो म्हणून गाऊन. गोळ्या वेळेवर, जेवण हातात. तुम्ही तासभर नुसत्या बघत बसलात आणि निघताना विचारलंत, "आज यांनी स्वतःच्या हाताने काय केलं?" खरं सांगते, राग आला होता तुमचा.

दुसऱ्या खेपेला तुम्ही पलंगावर परकर, ब्लाउज, साडी घालायच्या क्रमाने मांडलीत. साडीचं एक टोक खोचून दिलंत आणि हात मागे घेऊन उभ्या राहिलात. मी पुढे झाले तर मलाही अडवलंत. आई मिनिटभर त्या कापडाकडे बघत राहिली. मग बोटं चालायला लागली. भराभर, एकसारख्या निऱ्या! नातवाचं नाव हरवून बसलेल्या बाईच्या! हातांची आठवण बरीच उशिरापर्यंत टिकते, हे तुम्ही नंतर समजावलंत.

चष्म्याचंही तसंच. "चष्मा कुठे ठेवायचा?" "देवघराच्या कोनाड्यात." एका मिनिटाने पुन्हा तोच प्रश्न, मग दोन, चार, आठ मिनिटांनी. अडली की परीक्षा न घेता लगेच उत्तर सांगायचं. आता बहुतेक दिवस तो तिथेच सापडतो.

मग गटातली ती 14 सत्रं, आठवड्याला दोन. 'कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी', म्हणजे गटात गप्पा आणि छोट्या कामांतून मेंदूला चालना देणं, हे नाव मला अजून धड म्हणता येत नाही. पण तिथे "आठवतंय का?" असं कुणी विचारत नाही, "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारतात, एवढं मी उचललं. भेंडी चिरताना आई परत मतं द्यायला लागली आहे. बहुतेक माझ्या स्वयंपाकाबद्दल, पण असो.

आजार थांबणार नाही, हे तुम्ही लपवलं नव्हतंत. हल्ली आंघोळीला मदत लागते.

चहा मात्र तीच करते. आपोआप बंद होणारी शेगडी, काचेच्या दोन बरण्या, मोठ्या अक्षरांत 'साखर' आणि 'चहा'. आज साखर दोनदा पडली. बाबांनी मुकाट्याने पूर्ण कप संपवला. त्यांना डायबेटिस आहे, तेवढं आमच्या डॉक्टरांना कळवू नका.

तुमची,
आईची लेक