आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : डोळे किती जमले यापेक्षा दिसू किती जणांना लागले ते मोजा

आदरणीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी नेत्रपेढीत तंत्रज्ञ आहे. दान आलेले बुबुळ प्रत्यारोपणाला देता येईल की नाही हे तपासण्यात माझा दिवस जातो. नेत्रदानाची मोहीम झाली की ‘इतके डोळे जमा झाले’ असा आकडा आपल्या खात्याकडून जाहीर होतो. आकडा खरा असतो. पण त्यातले किती डोळे वापरता आले, कोणाला बसवले आणि वर्षभराने त्यांपैकी किती जणांना दिसत होते, हे त्यात कुठेच नसते. माझे सगळे म्हणणे या एका त्रुटीभोवती आहे.

बुबुळ, म्हणजे डोळ्याच्या पुढचा घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर, पण डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम तोच करतो. त्याच्या सगळ्यात आतल्या बाजूला षटकोनी पेशींचा एकच थर असतो. बुबुळात मुरणारे पाणी या पेशी अखंड बाहेर उपसत असतात, म्हणून बुबुळ स्वच्छ राहते. या पेशी एकदा मेल्या की माणसाच्या डोळ्यात त्यांची जागा भरून निघत नाही. शेजारच्या पेशी पसरून जागा झाकतात, एवढेच.

दान आलेले बुबुळ गुलाबी द्रावणाच्या छोट्या बाटलीत असते. मी ते स्पेक्युलर मायक्रोस्कोपखाली धरते आणि या पेशी मोजते. निरोगी प्रौढाच्या डोळ्यात एका चौरस मिलिमीटरला अडीच ते तीन हजार पेशी भरतात. दोन हजारांच्या खाली गेले की दृष्टी परत देण्याच्या शस्त्रक्रियेला ते बुबुळ सहसा कोणी घेत नाही. रक्ताच्या तपासणीत कावीळ किंवा एचआयव्ही निघाला तरी ते बाद. या द्रावणात बुबुळ फार तर चौदा दिवस टिकते. एखाद्या कुटुंबाने दुःखाच्या घटकेला होकार दिलेला असतो आणि ती बाटली मला बाजूला ठेवावी लागते, तेव्हा वाईट वाटते. आपल्या आकड्यात मात्र तेही ‘जमा’च असते.

हे बाद होण्याचे प्रमाण कमी करता येते. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत बुबुळ काढावे लागते. तोवर पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवला, खोलीतला पंखा बंद केला, डोके थोडे उंच ठेवले तरी पुष्कळ फरक पडतो. मोठ्या रुग्णालयात झालेल्या मृत्यूंमध्ये आजाराची नोंद हाताशी असते, रक्ताचा नमुना लगेच मिळतो, वेळ जात नाही. तिथे गरज असते ती नातेवाइकांशी शांतपणे बोलणाऱ्या प्रशिक्षित समुपदेशकाची. नेत्रदानाची इच्छापत्रे भरून घेण्याच्या कार्यक्रमांवर जेवढी शक्ती खर्च होते, तिचा काही भाग या एका नेमणुकीकडे वळवावा. इच्छापत्र भरलेला माणूस कधी आणि कुठे जाईल हे कोणाला ठाऊक नसते. शेवटी विचारावे लागते ते घरच्यांनाच.

टंचाई खरीच आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीनुसार १ कोटी २७ लाख माणसे बुबुळ प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेत होती, आणि सत्तर गरजूंमागे एकच बुबुळ उपलब्ध होते. म्हणून तर हाती आलेले प्रत्येक बुबुळ योग्य डोळ्यात, योग्य पद्धतीने जायला हवे.

एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ साली मोराव्हियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) ओलोमौत्स गावी, चुन्याने भाजलेल्या एका मजुराच्या डोळ्यावर पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. त्यानंतर जवळजवळ शतकभर मुख्य पद्धत एकच होती : बुबुळाचा गोल तुकडा आरपार कापायचा आणि दात्याचा बसवायचा. आता तसे राहिलेले नाही. जो थर बिघडला तेवढाच बदलता येतो. आतल्या पेशी संपल्या असतील (फुक्स डिस्ट्रॉफी या आजारात किंवा कधीकधी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर असे होते), तर फक्त आतले पटल बदलतात. असे रुग्ण सांगतात, की सकाळी उठल्यावर सगळे धुरकट दिसते आणि दुपारपर्यंत जरा निवळते. डीमेक या शस्त्रक्रियेत मी तयार करून देते ते पटल केसापेक्षाही पातळ असते. निळ्या रंगात बुडवल्याशिवाय ते नजरेला पडत नाही आणि सोडल्याबरोबर आपोआप गुंडाळी होते. शल्यचिकित्सक ते डोळ्यात सोडतात, बाहेरून हलके टिचके मारत उलगडतात आणि खाली हवेचा बुडबुडा भरून जागेवर टेकवतात. मग रुग्णाने छताकडे पाहत उताणे पडून राहायचे. बुबुळाला गोल टाके नाहीत, नजर काही आठवड्यांत सुधारते, आणि शरीराने कलम नाकारण्याचा धोका आरपार प्रत्यारोपणापेक्षा पुष्कळच कमी.

उलट केराटोकोनसमध्ये (यात बुबुळ पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते) किंवा वरवरच्या व्रणामध्ये आतल्या पेशी चांगल्या असतात. तिथे पुढचे थर बदलून रुग्णाच्या स्वतःच्या पेशी राखायच्या, त्याला डाल्क म्हणतात. शरीर सर्वांत जोराने नाकारते ते परक्या आतल्या पेशींना, आणि इथे त्या बदललेल्याच नसतात. एकाच दात्याच्या बुबुळाचे पुढचे थर एकाला आणि आतले पटल दुसऱ्याला, असेही करता येते. अशा टंचाईत याहून शहाणपणाचे काय असेल? पण त्यासाठी प्रशिक्षित शल्यचिकित्सक आणि पटल सोलणारे तंत्रज्ञ लागतात. ते जिथे नाहीत, तिथे आजही सरसकट आरपार कापले जाते. आपल्या अहवालात मात्र दोन्हींची नोंद एकाच रकान्यात होते.

आणि काही डोळ्यांना प्रत्यारोपणाचा उपयोगच नसतो. ॲसिडने किंवा चुन्याने खोलवर भाजलेल्या डोळ्यात बुबुळाच्या कडेच्या मूलपेशी, म्हणजे बुबुळाचा वरचा थर सतत नवा करणाऱ्या पेशी, जळून गेलेल्या असतात. त्या नसतील तर नवे बुबुळही काही महिन्यांत पांढरे पडते. दुसरा डोळा चांगला असेल तर त्याच्या कडेचा छोटासा तुकडा घेऊन, त्याचे बारीक कण करून भाजलेल्या डोळ्यावर पसरतात. ही सोपी पद्धत हैदराबादच्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये मांडली आणि तिला वेगळी पेशी-प्रयोगशाळा लागत नाही. दोन्ही डोळे गेले असतील तर नातेवाइकाच्या पेशी किंवा कृत्रिम बुबुळ, असे अवघड मार्ग उरतात. म्हणून भाजल्याच्या क्षणी तिथल्या तिथे, मिळेल त्या स्वच्छ पाण्याने बराच वेळ डोळा धुणे, ही सर्वांत मोठी मदत ठरते. कारखान्यात आणि बांधकामावर डोळे धुण्याची सोय सक्तीची करणे सरकारच्या हातात आहे.

आता थोडे त्या लोकांविषयी, ज्यांना माझ्या बाटलीची गरजच पडायला नको होती. डोळ्यात काडी, कचरा जातो, बुबुळ ओरखडते. तो ओरखडा चिघळतो, व्रण होतो आणि मग डोळ्यात फूल पडते. नेपाळमधल्या भक्तपूर इथे गावातल्या स्वयंसेवकांना असे ओरखडे ओळखायला शिकवले आणि क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम त्यांच्या हाती दिले. २००१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : अठरा तासांच्या आत मलम सुरू झालेल्या कोणालाच व्रण झाला नाही. हे मलम प्रत्येक आरोग्य उपकेंद्रात ठेवायला काय अडचण आहे? त्याचबरोबर, चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडचे थेंब विकण्यावर कडक कारवाई व्हावी. बुरशीचा संसर्ग असलेल्या डोळ्यात हे थेंब गेले की लाली उतरते, रुग्णाला बरे वाटते आणि आत बुरशी फोफावते. असे डोळे आमच्याकडे पोहोचतात तेव्हा प्रत्यारोपण दृष्टीसाठी नसतेच, डोळा वाचवण्यासाठी असते.

शाळा-कॉलेजातल्या मुलांमध्ये वर्षाला दोनदा चष्म्याचा नंबर बदलत असेल, सिलिंडर वाढत असेल, मूल डोळे फार चोळत असेल, तर टोपोग्राफी (बुबुळाच्या आकाराचा नकाशा) करून केराटोकोनस पाहायला हवा. रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण वापरून केलेले क्रॉसलिंकिंग हा आजार बहुतेकांमध्ये जागच्या जागी थांबवते. गेलेली नजर ते परत आणत नाही, म्हणूनच ते वेळेत व्हावे लागते.

शेवटी, शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षांबद्दल. आरपार प्रत्यारोपणाचे टाके वर्षभर, कधी त्याहून जास्त राहतात. स्टिरॉइडचे थेंब अनेक महिने घालावे लागतात आणि त्यांनी डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून तोही तपासावा लागतो. डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेनासा झाला, अंधूक दिसू लागले, यांपैकी काहीही झाले तर रुग्णाने त्याच दिवशी यायला हवे. वेळेत आला तर नाकारले जाणारे कलम बऱ्याचदा वाचते. पण रुग्णाच्या हाती हे लिहिलेला साधा कागदही नसतो, थेंब संपले की संपले. केराटोकोनससाठी केलेल्या पहिल्या प्रत्यारोपणात पाच वर्षांनंतरही दहातली नऊ कलमे स्वच्छ राहू शकतात. ती राहतात कारण कोणीतरी त्या रुग्णाला बोलावत असते, तपासत असते.

म्हणून माझी मागणी अशी. येत्या वार्षिक अहवालापासून नेत्रपेढ्यांच्या तक्त्यात चार रकाने वाढवावेत : वापरता आलेली बुबुळे, शस्त्रक्रियेचा प्रकार आणि कारण, एक वर्षानंतर कलम स्वच्छ आहे का, आणि रुग्णाची नजर किती. त्यासाठी प्रत्येक प्रत्यारोपणाला क्रमांक देऊन रुग्णाचा पाठपुरावा करणारा एक माणूस नेमावा, आणि प्रत्यारोपणानंतरचे थेंब पहिली दोन वर्षे मोफत द्यावेत. दात्याच्या बाजूची नोंद आम्ही आजही ठेवतो. रुग्णाच्या बाजूची नोंद ठेवायला आपल्या आदेशाची गरज आहे.

आपली नम्र,
नेत्रपेढीतील एक तंत्रज्ञ