विडालच्या एका रिपोर्टवर टायफॉइड ठरवणं थांबवा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. पाऊस लागला की ओपीडीत तापाचे पेशंट वाढतात आणि त्यातले कितीतरी जण विडाल या टायफॉइडसाठीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात घेऊनच येतात. ‘टायफॉइड निघालाय, डॉक्टर.’ गावातल्या दवाखान्यात चार-पाच दिवस सलाईन आणि अँटिबायोटिक म्हणून सेफ्ट्रायअ‍ॅक्झोनची इंजेक्शनं झालेली असतात. ताप मात्र तसाच असतो.

विडाल ही १८९६ सालची तपासणी आहे. ती जंतू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांचा अंदाज देते. आपल्याकडे दूषित पाण्यातून अशा जंतूंशी आयुष्यभर गाठ पडत असते, त्यामुळे धडधाकट माणसाच्या रक्तातही १:८० किंवा १:१६० असा आकडा (म्हणजे रक्त तितक्या पट पातळ केल्यावरही प्रतिपिंडं दिसणं) येऊ शकतो. मलेरियासारख्या दुसऱ्या तापातही ती पॉझिटिव्ह येते. खऱ्या टायफॉइडमध्ये पहिल्या आठवड्यात उलट निगेटिव्ह येऊ शकते, आणि आजार बरा झाल्यावर आकडा महिनोन्‌महिने चढलेलाच राहतो. तो पाहून ‘टायफॉइड अजून पूर्ण गेला नाही’ म्हणत लोक पुन्हापुन्हा औषधाचे कोर्स घेतात. नियमाने आठवडाभराच्या अंतराने दोन नमुने घेऊन आकडा चौपट वाढला का, हे पाहायला हवं. मला असे जोडीचे रिपोर्ट जवळजवळ बघायलाच मिळत नाहीत. तपासणी स्वस्त आहे, तासाभरात रिपोर्ट हातात पडतो, पेशंटलाही आजाराचं नाव कळल्याचं समाधान मिळतं. म्हणून ती चालते.

माझी खरी काळजी त्या रिपोर्टमागे झाकल्या जाणाऱ्या आजारांची आहे. त्यात आमच्या भागात सगळ्यात वर स्क्रब टायफस. २०१८ साली नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याचा उद्रेक झाला, माणसं दगावली, तेव्हा काही महिने सगळ्यांच्या तोंडी हे नाव होतं. गवतातल्या, झुडपांतल्या चिगर माइट नावाच्या बारीक किड्याच्या पिल्लांच्या चाव्यातून हा ताप येतो. म्हणजे निंदणीला जाणाऱ्या, गुरं चारणाऱ्या, सरपण गोळा करणाऱ्या माणसांना. गंमत नाही साहेब, सेफ्ट्रायअ‍ॅक्झोनचा या जंतूवर काहीही परिणाम होत नाही. पेनिसिलिनचाही नाही. पाच दिवस त्या इंजेक्शनांत गेले की सहाव्या-सातव्या दिवशी धाप लागते, प्लेटलेट उतरतात, किडनी आणि लिव्हरवर ताण येतो. मग ॲम्ब्युलन्स आणि नागपूर.

शेतात मजुरीला जाणाऱ्या एका बाईंचं सांगतो. ताप, डोकेदुखी, किंचित धाप, आणि विडाल १:१६०. पुरुष डॉक्टरांपुढे कपडे सैल करायला त्या तयार नव्हत्या आणि त्यात त्यांचं काहीच चुकत नव्हतं. आमच्या सिस्टरांनी पडद्याआड बॅटरी घेऊन तपासलं. परकराची नाडी बसते तिथे कमरेवर काळी खपली होती, भोवती लालसर कडा, सिगारेटचा चटका बसावा तशी. ती दुखत नाही, खाजतही नाही, त्यामुळे बाईंना तिचा पत्ताच नव्हता. ही स्क्रब टायफसच्या किड्याच्या चाव्याची खूण. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केलं, दुसऱ्या दिवशी ताप उतरला. ही खपली काखेत, जांघेत, स्तनांखाली लपते. प्रत्येक पेशंटमध्ये ती सापडतेच असं नाही, पण नीट शोधली तर पुढच्या महागड्या तपासण्या पुष्कळदा वाचतात. ती शोधायला पडदा लागतो, उजेड लागतो आणि सिस्टर लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात या तीन गोष्टी एकाच वेळी असाव्यात, ही मागणी फार मोठी नाही.

आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत : स्क्रब टायफसचा संशय आला की रिपोर्टची वाट न पाहता डॉक्सीसायक्लिन सुरू करा. गोळी स्वस्त आहे, जुनी आहे. गंभीर पेशंटसाठी तर आपल्याच देशातल्या आयसीयूंमधून उत्तर आलं आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत शिरेतून डॉक्सीसायक्लिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन एकत्र दिलेल्या गटात मृत्यू, लांबलेला ताप किंवा न हटलेली गुंतागुंत, यांपैकी काही ना काही ३३ टक्के पेशंटमध्ये दिसलं. एकेकटं औषध दिलेल्या गटांत ४७-४८ टक्क्यांमध्ये. मृत्यूंच्या आकड्यात मात्र ठळक फरक पडला नाही, हेही सांगायला हवं. तरीही आयसीयूतले दिवस कमी व्हावेत म्हणून डॉक्सीसायक्लिनचं इंजेक्शन प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयात शिलकीत असायला हवं.

दुसरा आजार क्षयरोग. महिनाभर ताप, वजन उतरलेलं, आणि विडाल पॉझिटिव्ह म्हणून लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचे दोन-दोन कोर्स झालेले. हे औषध क्षयाच्या जंतूलाही थोडं दाबतं, पेशंटला चार दिवस बरं वाटतं, आणि निदान आणखी लांबतं. कोकणातल्या सहकाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसबद्दल (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप) विचारा, पहिल्या दिवसांतला ताप तिथेही असाच फसवा असतो.

टायफॉइड आपल्याकडे नाही, असं माझं म्हणणं मुळीच नाही. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये सार्वजनिक मोहिमेतून मुलांना टायफॉइडची नवी लस दिली, ते काम मोलाचं आहे. पण मोठ्या माणसात टायफॉइड ठरवायचा तर अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणारी तपासणी, घ्यायला हवं. तेही निम्म्याच्या आसपास केसेसच पकडतं, दोन-तीन दिवस घेतं, हे खरं. तरी जंतू सापडला तर कोणतं औषध चालेल हे कळतं, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन या नेहमीच्या अँटिबायोटिकला आपल्याकडचा टायफॉइडचा जंतू बहुतांशी दाद देत नाही, हे पाहता ती माहिती हवीच.

म्हणून विनंती अशी, की सरकारी प्रयोगशाळांतून एकट्या विडालवर टायफॉइडचं निदान करू नये, असं परिपत्रक काढावं आणि खासगी लॅबच्या रिपोर्टवरही तशी ठळक ओळ छापायला लावावी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत ब्लड कल्चरच्या बाटल्या आणि त्या वेळेत जिल्ह्याला पोचवणारी गाडी द्यावी. स्क्रब टायफसची आयजीएम एलायझा ही रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी विदर्भातल्या प्रत्येक जिल्ह्यात पावसाळाभर व्हावी. वील-फेलिक्स या स्क्रब टायफसच्या जुन्या तपासणीवर आता भागत नाही. हे आदेश ऑगस्टमध्ये निघाले तर किट पोचेपर्यंत दिवाळी येते. मेअखेर निघाले तर जुलैतल्या पहिल्या पेशंटला उपयोग होईल.

आपला,
तालुक्याच्या गावातला एक फिजिशियन