शीर्षकातल्या कॅपिटलचा नियम आधी सांगा

प्रति,
संपादक,
महोदय,

प्रकल्प आणि प्रबंध सादर करायचे दिवस आले की परळच्या आमच्या डीटीपीच्या दुकानात मुखपृष्ठ दुरुस्त करून घ्यायला मुलांची रीघ लागते. परवा एका मुलीचा बांधून झालेला प्रबंध इंग्रजी शीर्षकातल्या एका 'विथ'वरून (with) परत आला. मार्गदर्शकांनी डब्ल्यू कॅपिटल करून घेतला होता, विभागाला तो स्मॉल हवा होता. बांधणी उसवून पान बदलावं लागलं.

वाईट याचं वाटतं की चूक दोघांचीही नव्हती. शोधलेखनाच्या मांडणीच्या एपीए, एमएलए, शिकागो अशा वेगवेगळ्या नियमावल्या आहेत, त्यांनाच शैली म्हणतात. एपीए शैलीत चार किंवा जास्त इंग्रजी अक्षरांचा प्रत्येक शब्द कॅपिटलने सुरू होतो, म्हणून 'विथ' मोठा. एमएलए शैलीत 'विथ'सारखं शब्दयोगी अव्यय कितीही लांब असो, शीर्षकाच्या मधे ते स्मॉलच. शिकागो मॅन्युअलचंही पूर्वी तसंच होतं. २०२४च्या अठराव्या आवृत्तीपासून पाच किंवा जास्त अक्षरांची अव्ययं तिथे कॅपिटल झाली. म्हणजे 'बिटवीन' आता तिथे मोठा आणि 'विथ' मात्र अजून लहान. कोणती शैली पाळायची हे त्या मुलीला कुणी सांगितलंच नव्हतं.

ज्याबद्दल वाद नाही तेही मुलांपर्यंत नीट पोहोचत नाही. 'छोटे शब्द स्मॉल' एवढंच सांगितलं जातं, मग 'इज' आणि 'इट' हमखास स्मॉल होतात. 'इज' क्रियापद आहे, 'इट' सर्वनाम. दोन्ही कॅपिटलच हवीत. 'गेटवे ऑफ इंडिया'मधला 'ऑफ' लहान, कारण तो शब्दयोगी अव्ययाचं काम करतो. आपल्याकडच्या प्रबंधांच्या शीर्षकांत कोलननंतर बहुतेक वेळा 'अ स्टडी ऑफ' येतं. तिथला 'अ' उपशीर्षकाचा पहिला शब्द, म्हणून तो या तिन्ही शैलींत कॅपिटल. तोच सगळ्यात जास्त चुकतो. मायक्रोसॉफ्ट वर्डमधलं प्रत्येक शब्द कॅपिटल करणारं बटणही यात कामाचं नाही, ते 'ऑफ' आणि 'द' यांनाही सोडत नाही.

देवनागरीत कॅपिटल-स्मॉल हा भेदच नाही, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या डोळ्यांना याची सवय नसते. पण क्रियापद, सर्वनाम, अव्यय ही ओळख त्यांना मराठी व्याकरणातून आधीच झालेली असते. तिथून सुरुवात केली तर त्यांना हा नियम पटकन समजतो, हे मी दुकानात रोज पाहतो.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक विभागाने आपल्या सूचनापत्रकात शैलीचं नाव आणि आवृत्ती छापावी, आणि ते छापल्याशिवाय या कारणावरून कुणाचा प्रबंध परत पाठवू नये, गुणही कापू नयेत. एवढं जमत नसेल तर फक्त पहिला शब्द, उपशीर्षकाचा पहिला शब्द आणि विशेषनामं कॅपिटल ठेवायला सांगावं. एपीएच्या संदर्भसूचीत लेखांची आणि पुस्तकांची शीर्षकं अशीच लिहितात. आपल्या विद्यार्थी पुरवणीनेही या विषयाला एक चौकट द्यावी, ही विनंती.

आपला,
एक अक्षरजुळणीकार, परळ, मुंबई